बेदरला जाणाऱ्यांसाठी

बेदर हे नाव आपल्या घरांतून प्रथम कानावर पडते ते दामाजीपंतांच्या गोष्टीत. मंगळवेढ्याच्या दामाजींनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांना मोकळी केली. बादशहाने त्यांना धरून आणण्याचे फर्मान सोडले. आणि पंत वाटेत असतानाच पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बेदरच्या दरबारी गेला, मोहरा ओतल्या आणि रीतसर पावती घेऊन आला. ही कथा कीर्तनांतून ऐकत आमची पिढी मोठी झाली. आमच्या घरात मात्र बेदरचे नाव आणखी एका कारणाने निघत असे. माझी आत्या भालकी भागातल्या एका खेड्यात दिलेली होती. १९४८ च्या उन्हाळ्यात ती मुलाबाळांसह रातोरात घर सोडून सोलापूरच्या हद्दीत आली आणि तेथून माझ्या वडिलांनी तिला कोल्हापुरास आणले. तिच्या तोंडून बेदर जिल्ह्याचे जे वर्णन आम्ही ऐकले, त्यात देव आला नव्हता.

हे सारे आठवण्याचे कारण असे की, अलीकडे आपल्याकडची पुष्कळ मंडळी सुटीत त्या बाजूस जाऊ लागली आहेत. पूर्वी गाणगापूरला दर्शन घेऊन लोक परत फिरत. आता ते पुढे कलबुर्गी, बसवकल्याण, बेदर असे चार-पाच दिवस फिरून येतात. २०१७ साली बेदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाल्यापासून तर सोय अधिकच झाली आहे. परत आल्यावर ही मंडळी किल्ल्याची, घुमटांची, तांबड्या मातीची छायाचित्रे दाखवतात आणि 'इतकी सुंदर जागा इतकी वर्षे आपल्याला कशी ठाऊक नव्हती?' असे विचारतात. त्यांचा आनंद खरा आहे. मीही काही वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मुलासुनेबरोबर, नातीला घेऊन तेथे जाऊन आलो. मंडळींनी अवश्य जावे, असेच माझे मत आहे. मात्र जाऊन आल्यावर एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती येथे मांडतो.

सोलापूर सोडले की हैदराबादचा हमरस्ता नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद असा जातो. दिवाळीच्या सुमारास दोन्ही बाजूंस तूर कमरेएवढी वाढून फुलावर आलेली असते, ओढ्यांना अजून पाणी असते. हुमनाबादेस माणिकप्रभूंचे (१८१७-१८६५) माणिकनगर लागते. पुढे बेदरची वाट पठारावर चढते आणि काळी जमीन संपून एकाएकी तांबडी सुरू होते. बेदर शहर या तांबड्या जांभ्या दगडाच्या पठाराच्या काठावर वसलेले आहे. बहमनी सुलतान अहमदशहा वली याने पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून राजधानी येथे हलविली, तीत या हवापाण्याचा मोठा वाटा असला पाहिजे. किल्ल्याच्या तटावर उभे राहिले की खाली मैलोगणती हिरवे रान दिसते. रंगीन महालातील शिंपल्यांचे जडावकाम, सोळा खांबांची मशीद, गावात आले की महमूद गावान या इराणी वजिराने १४७२ साली बांधलेला मदरसा, त्याच्या भिंतीवर उरलेल्या निळ्या-पिवळ्या फरशा. पलीकडे गुरुनानकांच्या झऱ्याचा गुरुद्वारा. एका कुशीला नरसिंह झरा, जेथे छातीएवढ्या पाण्यातून भुयारात चालत देवापर्यंत जावे लागते. एका गावात इतके काही असावे, याचे नवल वाटते.

आमच्याबरोबर वाट दाखविणारा तरुण चांगला जाणता होता. बहमनींची वंशावळ त्यास मुखोद्गत होती. गावानला खोट्या पत्रावरून १४८१ साली देहदंड कसा झाला, हे त्याने इतक्या कळकळीने सांगितले की नातीच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने बरीदशाही सांगितली, औरंगजेब सांगितला, निजाम सांगितला. आणि मग एका दमात तो १९५६ वर आला : 'पुढे हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात आला.' नातीने विचारले, 'मध्ये काय झाले?' तो हसून म्हणाला, 'मध्ये विशेष काही नाही, ताई. चला, तोफ पाहू.'

त्या तरुणास मी दोष देत नाही. सुटीवर आलेल्या लोकांचा दिवस बिघडवू नये, हा त्याच्या धंद्याचा शहाणपणा आहे. पण ज्या रस्त्याने आम्ही मोटारीने गाणी ऐकत आलो, त्याच रस्त्याने १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापुराहून निजामाच्या राज्यात शिरल्या होत्या. नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडले, पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजाम शरण आला. आपण तिला पोलीस कारवाई म्हणतो. त्या कारवाईच्या आधीचे एक वर्ष आणि नंतरचे काही आठवडे या जिल्ह्यांवर जे गुजरले, ते 'विशेष काही नाही' म्हणून सोडून देण्यासारखे खास नव्हते.

आधीचे वर्ष आपणांस ठाऊक आहे. लातूरचा वकील कासिम रझवी आणि त्याचे रझाकार यांनी खेड्यापाड्यांतून जो उच्छाद मांडला, त्याच्या हकीकती मराठवाड्यात आणि सीमेवर घरोघर आहेत. मे १९४८ मध्ये बसवकल्याणच्या बाजूस गोरटा या गावी जे हत्याकांड झाले, त्यात दोनशेच्या आसपास माणसे मारली गेली, असे सांगतात. आत्याचे घर सुटले ते त्याच दिवसांत. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने जो लढा दिला, तो याच जुलमाविरुद्ध. स्वामीजींना या भागाने पुढे १९५२ साली गुलबर्ग्यातून लोकसभेवर निवडून दिले. गोरट्यास आता हुतात्म्यांचे स्मारक उभे आहे. ते व्हायलाच हवे होते. उशिरा झाले, इतकेच.

नंतरचे आठवडे मात्र आपल्या बोलण्यात येत नाहीत. निजाम शरण आल्यावर खेड्यांतून सूड सुरू झाला, आणि त्यात रझाकार कोण नि गावचा विणकर, पिंजारी, शिपाई कोण, हे कोणी पाहिले नाही. हैदराबादेतील परिस्थिती पाहून येण्यासाठी दिल्लीहून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचे मंडळ पाठविण्यात आले. १९४८ च्या अखेरीस ही मंडळी सोळांपैकी नऊ जिल्हे हिंडली. संपूर्ण संस्थानात निदान २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता, आणि सर्वांत अधिक हानी झालेले म्हणून त्यांनी चार जिल्हे सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बेदर आणि नांदेड. मारले गेलेले बहुतेक मुसलमान होते. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो सर्वांस वाचावयास मिळू लागला तो २०१३ च्या सुमारास, म्हणजे पासष्ट वर्षांनी. आकड्यांविषयी वाद आहेत, आणि ते अभ्यासकांनी करावेत. पण अशा गोष्टी घडल्याच नाहीत, असे म्हणण्यास आता जागा नाही. त्याच अहवालात रझाकारांच्या अत्याचारांची नोंद आहे, आणि आणखी एक नोंद आहे, जी मला फार मोलाची वाटते : काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना पाठीशी घातले आणि त्यापायी स्वतःचे प्राणही दिले.

आता आत्याचे सांगतो. पोलीस कारवाईनंतर त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास ती नवऱ्याबरोबर गाव पाहून आली. स्वतःचे दुकान लुटलेले, घराची दारे नाहीत. येताना तिने एक बिदरी पानडबा आणला. काळ्याभोर अंगावर चांदीच्या तारांची वेलबुट्टी. आमच्या घरी तो फडताळाच्या वरच्या फळीवर असे आणि मुलांनी त्यास हात लावू नये, असा दंडक होता. रझाकारांच्या तावडीतून वाचलेली तेवढीच आत्याची वस्तू, असे आम्ही धरून चाललो होतो. त्यामुळे त्या डब्याविषयी आम्हांला एक प्रकारचा अभिमानही होता. आत्याने त्यात कधी पान ठेवलेले मात्र मी पाहिले नाही.

अखेरच्या आजारात, एका दुपारी, तिने मला तो खाली काढावयास सांगितले आणि म्हणाली, 'हा माझा नव्हे रे. शेजारणीचा. आम्ही एका विहिरीवर पाणी भरायचो. आम्ही परत गेलो तेव्हा त्यांचं घर उघडं होतं, आत कुणी नव्हतं. गावातल्या एकानं आणून माझ्या हातात दिला. म्हणाला, वहिनी, तुमचं सगळं गेलं, हे तरी घ्या. मी घेतला.' थोड्या वेळाने म्हणाली, 'ती काही आता मागायला यायची नाही.' आत्या कोणाचे काही ठेवून घेणारी बाई नव्हती. उसना आणलेला वाटीभर गूळ ती दुसऱ्या दिवशी वर भर घालून परत करी. पन्नास वर्षे ती रझाकारांविषयी बोलली. या शेजारणीविषयी तिने ब्र काढला नाही.

बेदरला जाताना मी तो डबा बरोबर घेतला होता. काळा रंग उडून तो करडा झाला होता, तो नीट करून घ्यावा, हा हेतू. बिदरी काम कसे होते, ते वाचकांनी तेथे मुद्दाम पाहावे. जस्तात थोडे तांबे घालून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरून चांदीची तार ठोकून बसवितात, आणि शेवटी किल्ल्यातील जुनी माती नवसागराबरोबर कालवून भांडे तापवून तिने घासतात. जस्त काळे पडते, चांदी तशीच पांढरी राहते. किल्ल्याखेरीज दुसऱ्या मातीने तो रंग चढत नाही, असे कारागीर सांगतात. एका म्हाताऱ्या कारागिराने आमचा डबा हातात घेतला, उलटा करून बूड पाहिले आणि दखनी वळणाच्या मराठीत विचारले, 'काम जुनं आहे साहेब. कुठला हा?' मी म्हणालो, 'घरचाच.' त्याने मान डोलावली, 'जपून ठेवलात' म्हणाला, मजुरी सांगितली आणि संध्याकाळी येण्यास सांगितले. नात माझ्याकडे पाहत होती. तिला डब्याची गोष्ट ठाऊक नव्हती. मला मात्र ठाऊक होती, आणि ती लपविण्यास मला क्षणही लागला नाही. किल्ल्यावरच्या त्या तरुणाहून मी काय निराळे केले?

तेव्हापासून मला वाटते की, सुटीतल्या प्रवासाचा आणि सत्याचा काही संबंध नाही, ही आपली समजूत तपासून पाहिली पाहिजे. सुटीत दुःख पाहावयास आपण तयार नसतो, असे म्हणावे तर तेही खरे नाही. अंदमानला गेलेला मराठी माणूस सेल्युलर जेल पाहिल्यावाचून परतत नाही. अमृतसरला गेलेला जालियनवाला बागेतील भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा मुलांना बोटाने दाखवितो. तेथे कोणी म्हणत नाही की, सुटीत हे कशाला उकरून काढता? तेथे सोसणारे आपण होतो. जेथे सोसणारे दुसरे होते आणि सोसायला लावणाऱ्यांत आपलीही माणसे होती, तेथे मात्र आपणांस एकाएकी तट, घुमट आणि सूर्यास्त आठवतात.

माझे एक स्नेही या बाबतीत माझ्याशी नेहमी वाद घालतात. त्यांचे म्हणणे, जखमेवर खपली धरली आहे, ती कशाला काढावी? दोन्हींकडचे हिशेब मांडत बसले की तरुणांची डोकी भडकतील. या आक्षेपात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. अशा आठवणींचा बाजार मांडणारे लोक आहेत आणि त्यांना गिऱ्हाईकही मिळते. पण माझा अनुभव असा की, डोकी भडकतात ती अर्ध्या गोष्टीने. आमच्या घरात पन्नास वर्षे अर्धीच गोष्ट सांगितली गेली, आणि ती ऐकून लहानपणी आम्ही पोरे कोणाविषयी काय बोलत असू, ते आज लिहिण्याची मला लाज वाटते. शेजारणीची विहीर आणि तिचा डबा आम्हांस तेव्हाच कळला असता, तर त्यातले निम्मे बोलणे आपोआप बंद झाले असते. दुसऱ्या कोणा घरात उरलेली अर्धीच गोष्ट सांगितली जात असेल, गोरट्याचे नावही न घेता. तेथील मुलांचेही नुकसान तितकेच होत असणार.

कोणी म्हणेल, सीमेपलीकडच्या गावांना उपदेश करणारे तुम्ही कोण? तोही प्रश्न रास्त आहे, म्हणून आपल्या गावाचे आधी बोलतो. आत्या १९४८ च्या उन्हाळ्यात कोल्हापुरास आली, तेव्हा तिने येथेही जळकी घरे पाहिली. महात्माजींच्या हत्येनंतर त्या वर्षी कोल्हापुरात, सांगलीत, साताऱ्याच्या खेड्यांत ब्राह्मणांची घरेदारे पेटविली गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओदेखील आगीतून सुटला नाही. आज महालक्ष्मीच्या दर्शनास, पन्हाळ्याच्या हवेस, रंकाळ्याच्या भेळेस येणाऱ्या पाहुण्यांना आपण हे सांगतो काय? त्यांना राहू द्या, आपल्या नातवंडांना सांगतो काय? ज्या गावाला स्वतःचे १९४८ साल बोलून दाखविता येत नाही, त्याने बेदरच्या वाटाड्यास हसू नये.

दुसरा एक सोयीचा मार्ग आहे, त्याविषयीही बोलले पाहिजे. बेदरच्या बाहेर अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. त्यांतील अहमदशहा वलीच्या उरुसाला कलबुर्गी जिल्ह्यातील माड्याळचा जंगम मानाने येतो, आणि कित्येक हिंदू त्या सुलतानास अल्लमप्रभूंचे रूप मानतात. कलबुर्ग्यात बंदेनवाजांचा दर्गा आणि शरणबसवेश्वरांचे देऊळ, दोन्हीकडे सर्वांची रीघ असते. हे सारे खरे आहे आणि पाहून मन भरून येते. प्रवासाच्या पुस्तिकांतून यावर पुष्कळ गोड लिहिलेले असते. पण या गोडव्याने १९४८ चे वर्ष झाकून टाकणे हेही अर्धीच गोष्ट सांगणे होय. जंगम उरुसाला जात होता, तेव्हाही आणि त्याच जिल्ह्यात, माणसांनी शेजाऱ्यांना मारले. कबरीवरची फुले त्या वेळी त्यांना आवरू शकली नाहीत. विणकरांची भाऊबंदकी मात्र काही जणांना आवरू शकली. का, याचा विचार प्रवाशाने केला तर तो काही तरी घेऊन परत येईल.

आणि असा विचार करण्याची रीत त्या मुलखाला नवी नाही. बसवकल्याणात बाराव्या शतकात बसवण्णांच्या अनुयायांनी चांभार हरळय्याच्या मुलाचे आणि ब्राह्मण मधुवरसाच्या मुलीचे लग्न लावले. राजा बिज्जलाने दोन्ही बापांना हाल करून मारविले. मग कल्याणात कत्तल झाली आणि शरण दाही दिशांना पांगले, असे परंपरा सांगते. साडेआठशे वर्षे झाली, तरी तेथे ही गोष्ट सांगताना कोणी 'मध्ये विशेष काही नाही' म्हणत नाही. मेलेल्यांची नावे घेतात, मारणाऱ्याचेही घेतात. ती ऐकून कोणाचे डोके भडकल्याचे मी पाहिले नाही. लग्न लावणारे बरोबर होते, एवढे मात्र ऐकणाऱ्यास कळते.

जर्मनीतील शहरांत रस्त्याच्या फरसबंदीत १९९० च्या दशकापासून लहान पितळी चौकोन बसविले जात आहेत. त्या घरातून ज्यांना ओढून नेऊन मारले, त्यांची नावे त्यांवर असतात. सुटीवर हिंडणारा माणूस चालता चालता वाकून एखादे नाव वाचतो आणि पुढे जातो. त्याची सुटी वाया जात नाही. आपल्याकडे असे चौकोन कधी बसतील ते बसोत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बेदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा आपल्याकडे आले, जहिराबाद-नारायणखेड आंध्रात गेले, उरलेला म्हैसुरात राहिला. तेव्हापासून तीन राज्ये आपापल्या भाषेत ही गोष्ट आपापल्या परीने सांगत आली आहेत. आपल्याकडे १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन होतो, तेथे त्याच दिवशी कल्याण कर्नाटक उत्सव होतो. दोन्हीकडे झेंडा लागतो तो १७ तारखेला. १८ तारखेपासून पुढचे कोणाच्याच भाषणात नसते. ते निदान घरात असावे.

संध्याकाळी मी डबा आणावयास गेलो, तेव्हा तो नव्यासारखा काळाभोर झाला होता. कारागिराने तो कापडात गुंडाळून दिला आणि रंग फिका पडला तर तेलाचा हात फिरवावा, असे सांगितले. त्यास खरे सांगण्याचे धाडस मला तेव्हाही झाले नाही. मुक्कामी परत आल्यावर नातीस मात्र सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, 'आजोबा, त्या शेजारीण आजींचं नाव काय होतं?' मी आत्याला ते विचारलेच नव्हते.

दामाजींच्या गोष्टीत दुसऱ्याच्या मालाचा दाम भरला गेला आणि पावती मिळाली. आमच्या डब्याची पावती देणारे आता कोणी उरलेले नाही. तो घरात आहे, आणि कोणाचा आहे हे घरातल्या मुलांना ठाऊक आहे, इतकेच मला करता आले. बेदरला जाणाऱ्या मंडळींनी किल्ला पाहावा, मदरसा पाहावा, अष्टूरच्या कबरींवरून मावळतीचे ऊनही पाहावे. थोडी वाट वाकडी करून गोरट्याला जाऊन हात जोडावेत. आणि बरोबर मुले असतील तर परतीच्या रस्त्यावर, नळदुर्ग यायच्या आत, सप्टेंबरनंतरचेही त्यांना सांगावे.